एका कॉम्प्युटरातले तीन संसार

३ नोव्हें.
एक्सपी आज उघडेच ना. चहा पिऊन झाला, कप विसळला, तरी काळ्या पडद्यावर ती पट्टी सरकतेच आहे. प्रशांतभाऊजींनी एका कॉम्प्युटरात तीन कॉम्प्युटर बसवले तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं! मूळ लिनक्स. त्याच्यात एका खिडकीत त्यांच्या कंपनीच्या कामाचं नवं विंडोज, दुसऱ्या खिडकीत माझं जुनं एक्सपी. मी छापते त्या लग्नपत्रिकांचे फॉन्ट नव्यावर चालतच नाहीत, म्हणून.
विचारलं तर म्हणे, "वहिनी, तुमच्या मशीनची मेमरी जरा कमी केलीय. कंपनीच्या कामाला लई लागती."
मला न विचारता!

५ नोव्हें.
शेजारच्या लताबाई नळावर म्हणाल्या, "तुमची जाऊ बाजारपेठेमागं भाड्याची खोली बघत व्हती." घरी येऊन रेश्माला विचारलं. "मैत्रिणीसाठी, ताई." कोण मैत्रीण? जुन्नरात मला माहीत नसलेली हिची एकही मैत्रीण नाही.
रात्री ह्यांना फोन केला. उसाचं गाळप सुरू झाल्यापासून मुक्काम पारगावला, साखर कारखान्यावर. म्हणाले, "तुला उगंच संशय." असेल. पण पाणी मुरतंय.

८ नोव्हें.
भाऊजी बँकेत गेले होते. कॉम्प्युटरला नवी हार्ड डिस्क लावलेली, आणि पडद्यावर एक्सपोर्ट चालू. म्हणजे अख्खं मशीन एका फाइलीत बांधायचं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर सोडायचं. त्यांनीच शिकवलंय. नीट वाचणार तोच जिन्यात पावलं. उठले.
म्हणजे चूल वेगळी करणार हे दोघं! कॉम्प्युटर त्यांचा, तोही जाणार. तुळशीचं लग्न झालं, आता पत्रिका सुरू होतील. ह्यांचं काम गाळपापुरतं, पुढे घर माझ्या पत्रिकांवर चालतं. कशावर करू? भीती वाटते आणि त्याहून जास्त राग येतो.

९ नोव्हें.
रेश्मा गोड बोलतेय. "तुमी बसा ताई, भाकरी मी टाकते." तीन वर्षांत पहिल्यांदा. भाकरी चांगल्या झाल्या होत्या, ते मात्र खरं.

११ नोव्हें.
आज जेवताना विचारलंच. "कधी निघताय?"
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊजी उठले, आतून ती हार्ड डिस्क आणली, माझ्या ताटाशेजारी ठेवली.
"आमी कुठं जातोय, वहिनी? हे तुमचं हाय. एक्सपी, फॉन्ट, जुन्या पत्रिका, समदं. कुठल्याबी कॉम्प्युटरवर चालंल."
"मग मी कुठं चाललेय? त्या बाजारपेठेमागच्या खोलीत?"
रेश्मा उठून आमटी गरम करायला गेली. आमटी गरमच होती.
वर येऊन ह्यांना फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "प्रशांत बोलला का तुझ्याशी?"
कशाबद्दल, म्हटलं.
उद्या करतो फोन, म्हणाले, आणि ठेवला.