अण्णांना बसेल असा शब्द

बाई, गेल्या आठवड्यात एका सकाळी माझी मुलगी चहाचा कप पुढ्यात ठेवून मोबाइलवर इंग्रजी शब्द पाठ करत बसली होती आणि मला तुमची आठवण आली. परदेशी शिकायला जायचं तर म्हणे एक परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात असे शब्द येतात जे इंग्रजांच्या घरातही रोज कोणी वापरत नसेल. स्क्रीनवर शब्द येतो, खाली चार अर्थ येतात, ही एकावर टिचकी मारते की पुढचा शब्द हजर. वारज्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत ऐकत होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “शब्द शिकतेयस की माश्या मारतेयस?”

तुम्ही कॅम्पातून बसने आमच्या धायरीच्या शाळेत यायचात. घरचं पिढीजात अत्तराचं दुकान, घरात उर्दू, मराठी बोलणं मात्र असं की आमच्या तोंडून ‘पानी’ निघालं की तुम्ही फक्त थांबायचात, आम्ही ‘पाणी’ म्हणेपर्यंत. बारावीत तुम्ही वडिलांवर इंग्रजी निबंध लिहायला सांगितला. मी शब्दकोशातला सगळ्यात वजनदार शब्द शोधून लिहिलं, माझे वडील ‘मॅग्नॅनिमस’ शेतकरी आहेत. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलंत.

“या शब्दाचा अर्थ काय?”

“मोठ्या मनाचा, बाई.”

“काय केलं वडिलांनी एवढं मोठ्या मनाचं?”

मी निबंधातच उत्तर शोधायला लागले.

“मग हा शब्द ज्याचा आहे त्याला परत देऊन ये. आणि वडील खरे कसे आहेत ते सांग.”

“घुमे आहेत,” मी म्हणाले, आणि रडायलाच लागले. मला पुण्यात कॉलेजला जायचं होतं. तसं मी घरी सांगितलंही होतं. अण्णा ऐकून जेवले, हात धुतले आणि उठून गेले. ना हो म्हणाले, ना नाही. अण्णा बोलले नाहीत म्हणजे नकोच म्हणाले, असा चुलत्यांनी अर्थ लावला आणि माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. हे सगळं तुम्ही ऐकून घेतलंत. मग माझ्याच वहीच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिलात, ‘रेटिसन्ट’. म्हणालात, “घुमा म्हणजे शिवी झाली. ही शिवी नाही. मनात असतं पण बोलून दाखवत नाही, असा माणूस. आता त्याच्या मनात काय आहे, ते शब्दकोशात मिळत नाही. ते विचारावं लागतं.”

संध्याकाळी अण्णा गोठ्यात होते. वासराला बांधत होते, माझ्याकडे पाठ. मी दारात उभी राहून म्हणाले, “अण्णा, तुमच्यासाठी इंग्रजीत एक शब्द हाय.”

“शिवी हाय का?”

“न्हाई.”

“मग असू दे.”

मग मी विचारलं, कॉलेजला जाऊ का. अण्णांनी गाठ मारली, ओढून बघितली. “मी कधी नगं म्हणलो?” मग वासराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “सकाळची बस कितीला हाय ते बघून ठेव.”

तुम्हाला मी नुसतं ‘वडील हो म्हणाले’ एवढंच सांगितलं होतं. शिवीचं सांगायची लाज वाटली. आज सांगते, तुम्ही हसला असतात. मी नोकरीला लागले त्याच वर्षी तुम्ही गेलात. मला कळलं तेव्हा तुमचा चाळिसाव्या दिवसाचा फातिहाही होऊन गेला होता.

तर त्या सकाळी मुलीच्या स्क्रीनवर नेमका तोच शब्द आला. तिने बरोबर अर्थावर टिचकी मारली. मी विचारलं, “आपल्या ओळखीत असं कोण आहे?”

“आई, तसं नसतं ते. ऑप्शन सिलेक्ट करायचा असतो फक्त.” पण पुढचा शब्द काही तिने उघडला नाही. “आजोबा?” तिने विचारलं.

अण्णा आता खूप थकलेत. धायरीतच भावाकडे असतात. शेताच्या जागी इमारती झाल्यात, त्यातल्याच एकीच्या बाल्कनीत दिवसभर बसतात. रविवारी मुलगी गाडी काढून एकटीच त्यांच्याकडे गेली. घरात तिच्या जाण्याचं इतकं चाललंय, पण अण्णा त्यावर एक अक्षर बोलले नव्हते, आणि ते तिला लागलं होतं. परत आली ती चपला न काढताच ओट्यापाशी उभी राहिली.

“आजोबांना विचारलं, मी एवढ्या लांब चाललेय, तुम्हाला वाईट नाही का वाटत?”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, वाटतं की. पर जा. आणि मग माझा हात धरून बसले. चहा आला तरी सोडला नाही.”

तिचे डोळे भरले होते, पण चेहरा असा उजळलेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, बाई? इथेच टेबलावर राहील. पण एक गोष्ट अजून घरात कोणालाच सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. मी इंग्रजीच्या एम.ए.ला नाव घातलंय. पन्नाशी जवळ आली, वर्गात सगळ्या पोरी लेकीच्या वयाच्या असतील. पहिल्या तासाची मला फार भीती वाटतेय, आणि तरी कोणती साडी नेसायची ते मी कालच ठरवून ठेवलंय.