दार धरायची पद्धत

तीर्थस्वरूप हैबतमामांना,

अपेक्षाचा वाकून नमस्कार. मामीलाही नमस्कार सांगा, पण पत्र तिच्या हाती देऊ नका; का ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल. फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मी बोलायला लागले की धरणाच्या पलीकडच्या काठापर्यंत सगळ्यांना माझी खुशाली कळते. म्हणून हा कागद.

इकडे सगळे मजेत. तुमची साखर कशी आहे? परवा पिरंगुटच्या बाजारात मिठाईच्या दुकानासमोर तुमच्यासारख्या मिशा, तुमच्यासारखी टोपी आणि तुमच्याच नंबरची जीप असलेले एक गृहस्थ गरम जिलेबी खाताना दिसले. ते तुम्ही नव्हतात याची मला खात्री आहे, कारण डॉक्टरांनी तुम्हाला गोड बंद केलंय आणि मामीने देवासमोर तुमच्याकडून शपथ घेतलीय.

रविवारी तुम्ही, बाबा आणि भावकीतली मंडळी माझ्यासाठी महाळुंग्याला घर बघायला निघालात हे समजलं. त्यांनी येऊन मुलगी बघितली, आता आपण जाऊन घर बघायचं, आणि मग बोलणी पक्की. यावर मी या पत्रात अवाक्षरही काढणार नाही. आईने बजावलंय, "घर बघनं पुरुषमान्सांचं काम हाय, पोरीनं त्यात तोंड घालायचं न्हाई." तर मी आपली कॉलेजच्या गमतीजमती लिहिते.

तुम्हाला आठवत असेल, मला आमच्या कॉलेजच्या गुणवत्ता कक्षावर घेतलं तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटले होते (आणि त्यातले निम्मे कुठे गेले ते आपण काढायला नको). गुणवत्ता कक्ष म्हणजे कॉलेज बरं चाललंय की नाही हे बघणारी कॉलेजचीच समिती. तिच्यात एक विद्यार्थी हवाच असा नियम आहे. तो नियम वाचून कक्षाच्या प्रमुख मेधा मॅडम वर्गावर आल्या, सगळ्यात कमी बोलणारी कोण असं विचारलं, आणि माझा घसा त्या दिवशी बसला होता. अशी मी सदस्य झाले. बैठकीत मला कोपऱ्यातली खुर्ची मिळते, वडा मिळतो, आणि दोन वर्षांत माझं मत एकदाच विचारलं गेलं. "अपेक्षा, पंखा वाढवू का गं?" मी हो म्हटलं. ते मान्य झालं.

यंदा कॉलेज तपासायला बाहेरची समिती येणार असं ठरलं आणि कॉलेजचं अगदी आपलं घर झालं. मला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा आईने काय केलं होतं? शेजारच्या खुर्च्या, चुलतीच्या कपबश्या, तुमचा गालिचा, सगळं मागून आणलं, आणि नको ते सगळं मागच्या खोलीत कोंबून कडी घातली (त्यात आजोबाही होते, ते चुकून). कॉलेजने तेच केलं. नर्सरीतून कुंड्या भाड्याने आल्या. शाळेतले कॉम्प्युटर दोन दिवसांसाठी आमच्याकडे पाहुणे आले. ग्रंथालय एरवी आमची संध्याकाळची बस यायच्या आत बंद होतं, ते त्या दिवशी उघडं राहिलं आणि पुस्तक वाचतानाचा आव आणायला मुलं बसवली. मला मॅडमनी वाक्य पाठ करून दिलं, की सर्व सुविधा उत्तम आहेत आणि विद्यार्थी समाधानी आहेत. पाहुण्यांसमोर चहा नेताना मान किती खाली ठेवायची हे आई सांगत होती ना, त्याच सुरात.

एक गोष्ट मात्र राहिली. आमच्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. कधीच नव्हती, निदान आम्हाला ठाऊक असल्यापासून. तयारी करणारे सगळे सर, आणि मेधा मॅडम वापरतात स्टाफचं, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नाही. आम्ही मुलींनी त्यावर एक पद्धत बसवलीय. एकटीने जायचंच नाही. एक आत, एक बाहेर दाराची मूठ धरून उभी. मागची खिडकी फुटकी आहे, वारा सुटला की दार आत ओढलं जातं. तसं झालं की बाहेरचीने आणखी जोर लावायचा. आतलीचं झालं की तिने दोनदा टकटक करायचं, मग सोडायचं. नव्या मुलींना आम्ही हे पहिल्याच आठवड्यात शिकवतो. आम्हाला कुणी शिकवलं? आमच्या आधीच्या मुलींनी. त्या आता लेकुरवाळ्या आहेत.

समिती आली. हार, श्रीफळ, स्वागतगीत झालं. समितीतल्या एका बाई, मोठ्या विद्यापीठातल्या, फार कडक, त्यांनी हळूच विचारलं की स्वच्छतागृह कुठे आहे. मॅडम त्यांना स्टाफच्या स्वच्छतागृहाकडे घेऊन निघाल्या आणि तिथे ताजा रंग ओला. तेव्हा मॅडमनी मला खूण केली. मी बाईंना आमच्याकडे नेलं, सोबत माझी पौडची मैत्रीण शिरीन. बाई आत गेल्या. आणि मामा, आम्ही दोघींनी काहीही विचार न करता, रोजच्या सवयीने, दार धरलं.

थोड्या वेळाने दार आत ओढलं जाऊ लागलं. शिरीन म्हणाली, "वारा लई सुटलाय, धर घट्ट." मी दोन्ही हातांनी धरलं. आतून आणखी जोर आला. शिरीनने माझी कंबर धरली. टकटक काही होईना (बाईंना आमची पद्धत कोण सांगणार?), उलट धडाधड बुक्क्या सुरू झाल्या, आणि मग अशी हाक आली की आम्ही दोघींनी एकदम सोडून दिलं. दार गेलं आत, त्याच्यामागे बाई, आणि बाई बसल्या बादलीवर. बादली पालथी होती म्हणून कॉलेज वाचलं.

बाहेर येऊन बाईंनी विचारलं की हा काय प्रकार आहे. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. सर्व सुविधा उत्तम आहेत. त्यांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मला राहवलं नाही आणि मी पद्धत सांगितली, टकटकीसकट. त्या आधी हसल्या, अगदी डोळे पुसेपर्यंत. मग म्हणाल्या, तू तर गुणवत्ता कक्षावर आहेस, बैठकीत का नाही सांगितलंस? मी म्हटलं, मला पंख्याचं विचारलं होतं, दाराचं नाही.

त्यानंतर त्यांनी सगळ्या सरांना आणि मॅडमना बाहेर काढून फक्त आम्हा मुलामुलींना घेऊन दार लावलं. जी मुलं कधी तोंड उघडत नव्हती तीही बोलली. बस, ग्रंथालय, भाड्याच्या कुंड्या, सगळं निघालं. बाहेर मेधा मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पण समिती जेवायला बसायच्या आत कडी लागली, मामा. आता बैठकीत मॅडम मला सगळ्यांच्या आधी विचारतात आणि वडाही आधी देतात. मला त्या कडीचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू. एवढीशी कडी, आणि ती बसवायला आतल्या माणसाला एकदा विचारायचा अवकाश होता.

असो. थोरांना नमस्कार, धाकट्यांचे गालगुच्चे, म्हशीच्या पाठीवर थाप.

तुमची भाची आणि गुणवत्ता कक्षाची (आता बोलणारी) सदस्य,
अपेक्षा

ता. क. रविवारी जीपमध्ये मला घ्या. तुम्ही सगळे जाऊन फरशी बघाल, पार्किंग बघाल, जमीन विकून अजून किती शिल्लक आहे ते विचाराल आणि पोहे खाऊन घर चांगलं आहे म्हणून परत याल. तिथे राहायचंय मला. मुलगा फोटोत बरा दिसतो, पण मला भीती वाटते, हे सरळच लिहिते. माझी परीक्षा होईपर्यंत थांबतील का, सासूबाई मोलकरणीशी कशा बोलतात, आणि मला मिळणार ती खोली आतून बंद होते का, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. आईला तुम्हीच सांगा. भावाचं ती ऐकते.

ता. क. २. पिरंगुटचे ते गृहस्थ तुम्ही नव्हतात, ही खात्री मला रविवार सकाळपर्यंत आहे. जीप दारात आली नाही तर मामीला विचारून खात्री करून घेईन.

ता. क. ३. शिरीनसाठीही जागा ठेवा. कडी नसली तर दार धरायला कुणीतरी लागेल.