तेविसावी चाल आबांची

नालवाडी, वर्धा
रविवार, दुपार

आदरणीय अण्णाजींना रूपरावचा मनापासून नमस्कार.

आम्ही इकडे सारे ठीक. तुमचं ठीक नाही असं परवा कोकिळेनं फोनवर सांगितलं, म्हणून हा कागद. (बहीण माझी, पण बातम्या सगळ्या तुमच्याच देते.) म्हणे तुम्ही आपला फोनवरचा बुद्धिबळाचा डाव बंद केला, डोकं चालेनासं झालं म्हणता, आणि गुरुवारी नागपूरला डोक्याच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. अण्णाजी, एवढी घाई कशाला? सत्तरीत माणूस हरतो कधीमधी. माझ्यासारख्याकडूनही हरतो. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसलेला मी माणूस, मोठा खेळाडू थोडाच आहे!

डोक्यावरून आठवलं, आमच्या नातीची, समीक्षेची गंमत सांगतो. अंकितची पोरगी आता अकराची झाली. नागपूरचे अंकुश सर कॉम्प्युटरवर बुद्धिबळ शिकवतात. आठ घरची आठ पोरं पडद्यावर आठ चौकटींत बसतात, डाव संपेपर्यंत आवाज बंद ठेवून. आज सरावाचा शेवटचा डाव होता. जिंकली तर वरच्या बॅचमध्ये, आणि जिल्ह्याची निवड त्याच बॅचमधून. पोरगी महिनाभर त्याच नादात होती. सरांचा नियम असा की खोलीत दुसरं कोणी नको. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नत्थूच्या सायकल दुकानापुढं लिंबाखाली पट मांडला की बसतात दोघं आणि खेळतात आठ. चाल सांगणं तिथं पाप नाही; जो गप्प बघत उभा राहतो त्यालाच लोक विचारतात, काय गा, घरी भांडून आला का? तेव्हा मी दाराशी, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बसलो, तर त्यात नवल ते काय.

पोरगी अडकली. मी मनाशी ठरवलं, एक खोकला म्हणजे घोडा, दोन म्हणजे उंट, तीन म्हणजे हत्ती. (हे तिला आधी सांगायचं राहून गेलं.) दोनदा खोकलो तर ती डाव सोडून उठली आणि माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आली. घड्याळातली दोन मिनिटं गेली. तीनदा खोकलो तर तिची आजी, आमची शकुबाई काढा घेऊन आली, आणि पुढ्यात उभी राहून तिनं तो मला प्यायला लावला. शेवटी राहवेना. हळूच म्हणालो, हत्ती खाली घे. माझं हळू बोलणं तुम्हाला माहीत आहे, जिनिंगच्या आवाजात घडलेलं. तिनं हत्ती खाली घेतला, आणि पुढच्या पाच चालींत मात! मी लगेच अंकितला समोसे आणायला पिटाळलं.

डाव संपल्यावर सर प्रत्येकाला हजेरीसारखं विचारतात, सगळ्या चाली तुझ्याच ना? पोरं हो सर म्हणतात आणि सुटतात. आमची म्हणाली, तेविसावी आबांची. झालं! गुण गेला, वरची बॅच गेली. सर रागावले नाहीत, फक्त माझं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. (तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर एक शेरा नव्हता.)

मी भडकलो. काऊन सांगतलं, कोणाले दिसलं होतं, असं बोललो तिला. ती रडत होती. तिला ती बॅच फार हवी होती. नाक पुसून म्हणाली, "आबा, ते चाल मले अजूनई समजली नाई. अन् माह्यासमोर खेळणारी भावना आता घरी बसून इचार करून राह्यली असन, का आपलं कुठं चुकलं. तिचं तर काईच चुकलं नव्हतं."

मला लाज वाटली, अण्णाजी. सरांची नाही, तिची. समोसे आले तसे पडून आहेत.

बाकी क्षेम. अंकित उद्या तुमच्या केळझरला गणपतीच्या दर्शनाला येतोय, त्याच्या हाती हा कागद देतो. कोकिळेला आशीर्वाद.

तुमचा
रूपराव

ता. क. : गुरुवारचा नंबर रद्द करा. तुमचं डोकं शाबूत आहे. आपल्या डावात तुमची चाल मी फोनमधल्या दुसऱ्या अॅपला दाखवायचो आणि ते सांगेल ती खेळायचो. लिंबाखाली लोक वा वा करायचे, ते गोड लागलं. पण हे फक्त दोनदा केलं.

ता. क. २ : पाकिटाला डिंक लावायला दिलं तर समीक्षेनं सगळं वाचलं आणि माझा फोन उघडून मोजलं. दोनदा नाही, सातदा. आपण खेळलो आठ डाव. बुधवारी मी लाकडी पट घेऊन येतो, फोन घरी ठेवून. खेळाल का माझ्याशी? नाही म्हणालात तरी येतो, ओसरीवर बसून राहीन.

ता. क. ३ : आठव्या डावाच्या वेळी ते अॅप बंद पडलं होतं. तुम्ही मला अठरा चालींत हरवलं, आणि कोकिळेला म्हणालात की रूपरावानं कीव येऊन डाव सोडला. नाही अण्णाजी. तेवढा एकच डाव मी खरा खेळलो.