टाकीचा उभा छेद

१२ फेब्रुवारी १९७३

घडले ते क्रमाने.

१. शुक्रवारी आरेखन वर्गाच्या चाळीस ट्रेसिंग तपासल्या. विषय: पाण्याची टाकी, उभा छेद, प्रमाण १:२०.

२. एका ट्रेसिंगवरची टाकी आमच्याच मुलींच्या वसतिगृहाची होती. झाकणाच्या जागी तुटक रेषा, 'झाकण दिवाळीपासून नाही'. पाण्यात बाण दाखवून 'पारवा (मृत)'. तळटीप: 'कावीळ – सात मुली'.

३. 'आरेखन' हा रकाना कोरा. 'तपासले' या रकान्यात माझी सही. सु. दे. गुण साडेसात; बाण सैल.

४. माझी सही असली की ट्रेसिंग सुधारायला मुलींकडे आणि मग छपाईच्या खोलीत जाते. सोबत चिठ्ठी. तिच्यावरही सही माझी, प्रतींचा आकडा मुली भरतात. नेहमी एक. या चिठ्ठीवर बारा.

५. आज सकाळी त्या ट्रेसिंगच्या निळ्या प्रती वसतिगृहाच्या फाटकावर, संस्थेच्या फलकावर, बर्डीच्या बसस्टॉपवर. एक वर्तमानपत्राच्या कचेरीत. बाराही प्रतींवर सु. दे.

छपाईच्या बाबूरावांना विचारले. "बाई, चिठ्ठीवर बारा लिवलं होतं, खाली तुमची सही. सही हाय तं मी काय पारवे मोजत बसू?"

१३ फेब्रु.

परिपत्रक आले. विद्यार्थिनी वा कर्मचारी यांनी पूर्वपरवानगीशिवाय कोणताही मजकूर, चित्र वा नकाशा फलकावर, रस्त्यावर वा वर्तमानपत्रात देऊ नये. 'वा नकाशा' हे टंकलेले नाही, वरून शाईने घातलेले. सर्वांनी वाचून सही करायची. केली.

मग प्राचार्यांकडे.

"सुनंदाबाई, एक ओळ लिहून द्या. 'अनवधानाने सही झाली.' आणि त्या मुलीचं नाव. तुमची कायम होण्याची फाइल माझ्याकडेच आहे."

म्हटले, चाळीस जणींचे अक्षर सारखे आहे.

"तुम्हीच घोटून घेतलंय ना? मग तुम्हाला ओळखू येणार नाही?"

सारखे आहे हे खरे. दीड वर्ष त्यासाठीच मेहनत घेतली. दुसऱ्या कोणाला ओळखू येणार नाही, हेही खरे.

१४ फेब्रु.

शालू वानखडे. इंग्रजी चारच्या आकड्याचे तोंड उघडे ठेवते, त्या ट्रेसिंगवरही. पहिल्या महिन्यापासून सांगते आहे, मिटव.

तिच्या खोलीतली लता काविळीने धंतोलीच्या दवाखान्यात आहे. दहा दिवस झाले. नाव सांगितले तर शालूचे वसतिगृह जाईल. नागपुरात तिचे कोणी नाही. वसतिगृह गेले की गाव, आणि गावाहून ती परत...

आई म्हणते, "सांगून मोकळी हो ना. तुझं काय अडलंय त्यात?" नोकरी कायम व्हायला दोन महिने आहेत, हे आईला माहीत आहे. मलाही.

१६ फेब्रु.

वर्ग सुटल्यावर शालू थांबली. टी-स्क्वेअर पुसत होती, पुसून झालेलाच.

"मॅडम, तुम्ही काहून फसता? मी सांगून देतो जाऊन."

थांब म्हटले.

"किती दिस? लता तं उठून बी नाही राहिली."

नाव का लिहिले नाहीस, विचारले.

"टाकी साऱ्यायची हाय. मी एकटीचं काहून लिहू?" दारातून मागे वळली. "अन् ते सैल बाण नीट केले मी मॅडम. छापायच्या आंधी."

केले आहेत. प्रत पाहिली.

१९ फेब्रु.

नवी सूचना. नाव कळेपर्यंत चाळीसही जणींचे परीक्षेचे अर्ज पुढे जाणार नाहीत. अर्जाची शेवटची तारीख २८.

वर्गात आज पेन्सिलींचा तेवढा आवाज. मागच्या बाकावरून एक जण म्हणाली, "जिनं केलं तिनं सांगावं ना." कोणी वळून पाहिले नाही. शा.ने खोडरबर मागितला, शेजारणीने दिला. त्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना.

वसतिगृहाच्या गच्चीवर पहारेकरी बसवला आहे. कोणी मापे घेऊ नयेत म्हणून. झाकण नाही.

कावीळ: आता नऊ.

२१ फेब्रु.

'अनवधानाने' लिहायला बसले. चार कागद गेले. लिहिता येत नाही, कारण ते खोटे आहे.

'पारवा (मृत)' हे वाचले होते. लाल पेन्सिल तिथे थांबली होती. वसतिगृह कोणाचे, हेही कळले होते. मग उंचीचे माप पाहिले, १.८ मीटर. बरोबर होते. सही केली. पुढची ट्रेसिंग घेतली.

बारा प्रती निघतील हे माहीत नव्हते. बाकी माहीत होते. हे अजून कोणाला सांगितलेले नाही. शा.लाही.

२३ फेब्रु.

पत्र घेऊन कचेरीत गेले. लेखनिक म्हणाले, "बाई, हे प्राचार्यांमार्फत यायला हवं."

"प्राचार्यांनाच आहे."

"तरी मार्फतच."

शेवटी ट्रेमध्ये ठेवले. शिक्का नाही, पोच नाही. प्राचार्य आत होते, दार उघडे होते. त्यांनी पाहिले.

जिन्यात शा. भेटली. "बुधवारपर्यंत थांबतो मॅडम. मंग नाही."

पत्राची नक्कल, माझ्यापाशी असावी म्हणून:

'सदर आरेखन मी वाचून, तपासून सही केली. अनवधान नाही. मापे बरोबर आहेत. आरेखकाचे नाव रकान्यात नाही. मी ते भरणार नाही. तपासणाऱ्याचे नाव आहे, त्यावर जी कारवाई करायची ती करावी. विद्यार्थिनींचे चाळीस अर्ज कधी जाणार आणि टाकीला झाकण कधी बसणार, हे बुधवार, दि. २८ पर्यंत लेखी कळवावे, ही विनंती.'