ओला वाख

मंगळवार, ता. ४ फेब्रुवारी

चि. काटक्या,

आत्याचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही असेल असं धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग नाही. फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगते, हा नंबर सध्या उपलब्ध नाही. पाच वर्षं तीच बाई. आता तिचीच ख्यालीखुशाली विचारावीशी वाटते. तू घरातले सगळे नंबर बंद करून ठेवलेस हे मला कळतं. म्हातारी झाले असले तरी बावळट झालेले नाही. म्हणून पत्र लिहितेय. तुझा पत्ता तिकडे रोपं नेणाऱ्या आपल्या टेम्पोवाल्याकडून काढला. त्याच्यावर रागावू नकोस, बिचारा चार कप चहापर्यंत टिकला होता.

आपल्या बोन्सायच्या नर्सरीत नवं म्हणजे एवढंच, की मागच्या भिंतीजवळचं ते मोठं जुनिपर तुझ्या बापाने शेवटी वाकवायला घेतलं. तू त्याला ‘खांब’ म्हणायचास ते. मी त्याला म्हटलं, “त्या खोडाचं वाकायचं वय गेलं आणि तुझं वाकवायचं.” ऐकेल तर तो तुझा बाप कसला! म्हणाला, “ताई, एवढं एक झाड करतो आणि मग गप्प बसतो.” हे तो दर वर्षी म्हणतो.

वाख मी भिजवला. ताडाच्या पानांचा, लांब धाग्यांचा, चांगला दोन तास बादलीत. कोरडा बांधला तर तुटतो. ओला बांधला की खोडाला चिकटून बसतो आणि सुकताना असा आवळतो की फाटू बघणारी साल जागची हलत नाही. हे तुला काय सांगायचं! पण चाळीस वर्षं हेच केलं, लिहायला बसलं तरी तोंडातून तेच निघतं. सात पदर घेतले. शेवटची गाठ नेहमीसारखी आत सरकवली. माझी गाठ सुटत नाही, कापावी लागते, आणि कधी कापायची ते तुझा बाप ठरवतो. सहा महिने कुणी हात लावायचा नाही. हा कायदा तुला माझ्याइतकाच पाठ आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

मग तांब्याची तार चढवली, तारेच्या फासात पहार अडकवली आणि तो अंगाचा भार टाकू लागला. मी कान खोडाशी लावून उभी. त्याला हल्ली बारीक आवाज ऐकू येत नाहीत, त्यामुळे आतलं लाकूड बोलायला लागलं की थांब म्हणायचं काम माझं. लाकूड बोललं. मी “थांब” म्हटलं. तो म्हणाला, “अजून दोन बोटं.” तेवढ्यात फास निसटला आणि पहार उलटी येऊन त्याच्या उजव्या मनगटावर बसली.

झाड शाबूत आहे. छान वाकलंय, बघत राहावं असं. अर्थात जुनिपरचं काही खरं नसतं. आतून मेलं तरी दोन-दोन महिने हिरवं दिसतं.

मनगट सुजलंय. दवाखान्यात जायला तयार नाही. घरच्या घरी बांधलंय. तू काळजी करू नकोस, एवढ्यासाठी पत्र लिहिलं असंही नाही. परवा तो तुझ्या खोलीची खिडकी पुसत होता. विचारलं तर म्हणाला, धूळ बसली होती. पाच वर्षांनी त्याला धूळ दिसली! हे कळवावंसं वाटलं, म्हणून लिहिलं.

जेवणाची आबाळ करू नकोस. उत्तर पाठवलंस तर मला आवडेल.

तुझी
आत्या

•

रविवार, ता. ९ फेब्रुवारी

चि. काटक्या,

आशीर्वाद. पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तर यायला अजून वेळ आहे हे कळतं, तरी पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जाऊन येते.

चांगली बातमी आधी सांगते. तुझ्या बापाचं मनगट दुखायचं थांबलं. पहिले तीन दिवस ठणका असा होता की ताटावर बसून तो दात आवळायचा. बोलायचा नाही, पण मी त्याला पाळण्यात असल्यापासून ओळखते, मला काय फसवणार! गुरुवारी सकाळी उठला आणि म्हणाला, “ताई, उतरलं.” मी इतकी खूष झाले की शिरा केला. तोही त्याने डाव्या हाताने खाल्ला.

काल मात्र एक विचित्र गोष्ट झाली. शेडमधल्या स्टोव्हवर किटली होती. तो झाडाकडे बघत बोलत होता आणि बोलता बोलता उजव्या हाताची बोटं किटलीला टेकली. टेकली ती टेकलीच. मी ओरडले तेव्हा त्याने खाली पाहिलं. फोड आला होता. “कळलंच नाही,” म्हणाला आणि हसला. नंतर दिवसभर त्याने हात कोटाच्या खिशात ठेवला. आता घरातही कोट घालूनच बसतो.

काटक्या, मागच्या पत्रात मी ‘घरच्या घरी बांधलंय’ असं लिहिलं. बांधलं मीच. वाखाने.

त्यानेच सांगितलं होतं. बादलीत वाख उरला होता. तो कळवळत म्हणाला, “झाडाला धरतेस तसं मनगटाला धर.” मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जाड खोडं मी धरून दाखवली आहेत, हाड म्हणजे काय! सात पदर, ओले, घट्ट. गाठ आत. तेव्हा दोघांनाही बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत वाख सुकला, आणि सुकला की काय करतो ते मी तुला मंगळवारीच लिहिलं आहे. लिहिताना माझ्या डोक्यात कसं आलं नाही, हे मला विचारू नकोस. आलं होतं की काय, हेही विचारू नकोस.

बोटं सुजून एकमेकांना चिकटली आहेत. रंग वांग्याच्या सालीसारखा झालाय. शेडमध्ये वास येतो. आधी वाटलं बादलीतलं पाणी कुजलं. तीनदा बदललं. बादली उन्हात घासून ठेवली. वास तसाच आहे.

औषधांच्या दुकानातली बाई परवा रोप घ्यायला आली होती. तिने नाक वर केलं आणि त्याला सरळ विचारलं, “हात दाखवा बघू.” त्याने तिला असं काही हाकललं की रोप तिथेच राहिलं. जाताना ती मला म्हणाली, “आजी, हे आजच्या आज सोडा.” 

मी कात्री घेऊन गेले होते रे त्याच्याकडे. एकदा नाही, दोनदा. तो म्हणाला, “ताई, हाड धरायला लागलंय. मधेच वाख सोडला तर काय होतं ते या घराने एकदा पाहिलंय.” तुला वाटेल, एवढी तोंडाळ बाई गप्प कशी बसली? पण त्या एका गोष्टीपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. कात्री परत खिळ्याला अडकवून आले.

तू असतास तर त्याला धरून नेलं असतंस. निदान त्याला एक फोन कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

भीती वाटते आहे.

आत्या

•

मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी, दुपार
हॉस्पिटलचा जिना, दुसरा मजला

काटक्या,

इथल्या फोनवरूनही लावून पाहिला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र टेम्पोवाला स्वतः घेऊन येतो आहे. गाडी खाली चालू आहे, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही.

काल सकाळी तो शेडमध्ये पडला. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी तेव्हा वाख कापला. कात्रीचं टोक आत शिरेना. वाख मांसात रुतून बसला होता. एकेक पदर कापला, सातही. खालची कातडी कशी होती ते लिहीत नाही.

इथली डॉक्टर तरुण आहे, तुझ्याच वयाची असेल. तिने हात उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, “हे कुणी बांधलं?” मी तोंड उघडायच्या आत तापातच हा म्हणाला, “मीच. दातांनी ओढून.” डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या भावाने मला पाठीशी घातलं आणि मी घालू दिलं. ती म्हणते, मनगट मोडलंच नव्हतं. चीर गेली होती नुसती. प्लास्टर घालून महिन्यात बरं झालं असतं. आता हात कोपराखालून काढायचा, आणि तोही लगेच, कारण विष रक्तात चढतंय.

आता जे लिहायचं ते लिहिते. पाच वर्षं लिहायचं होतं.

पाच वर्षांपूर्वी वाया गेलेल्या त्या पाइनचा वाख तू सोडला नव्हतास. मी सोडला.

मला शंका होती की आतल्या बाजूला एक पदर ढिला राहिलाय. तोवर माझ्या बांधणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ते नाव मला जिवापेक्षा प्यारं होतं. झाड वाकवून दोनच महिने झाले होते. तुम्ही दोघं बाहेर गेलेले पाहून मी गाठ कापली, बघायला म्हणून. साल माझ्या हातात आली. मी परत गुंडाळलं, पण घाईत गाठ आत गेली नाही, बाहेरच राहिली. तुम्ही परत आलात. तू झाडाला पाणी घालायला वाकलास आणि तुझ्या बापाने ती गाठ पाहिली. म्हणाला, “ही ताईची गाठ नव्हे.” मग तुला मारलं. तू “मी नाही” असं एकदाच म्हणालास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी तिथे बादली धरून उभी होते. तुला तेव्हाच कळलं होतं ना? म्हणून तर घर सोडलंस तेव्हा माझाही नंबर बंद केलास. बरोबर केलंस.

तेव्हा मी मनाशी शपथ घेतली होती की पुन्हा कधी वेळेआधी वाखाला हात लावणार नाही. तुझ्या बापाच्या हाताला ती शपथ बाधली. कात्री घेऊन दोनदा गेले आणि दोनदा भ्याले. त्याला नव्हे, स्वतःला. शहाणी म्हणवून घेणारी बाई मी, एका चुकीची भरपाई म्हणून दुसरी चूक नेमाने सांभाळत बसले.

आज सकाळी त्याला सगळं सांगितलं. शुद्धीवर आहे तो. मला वाटलं शिव्या देईल, द्यायला हव्या होत्या. मग म्हणाला, “ताई, त्याला मारलं ते याच हाताने ना?”

मी म्हटलं, “हो.”

“मग जाऊ दे हा. पण तो येईपर्यंत नको. एकदा त्याच्या गालावरून फिरवतो आणि मग काय कापायचं ते कापा म्हणावं.”

डॉक्टर दोनदा कागद घेऊन आली. तो सही करत नाही. तिने समजावलं, दरडावलं, शेवटी हात जोडले. तो डोळे मिटून घेतो. शुद्धीवर आहे तोवर सही त्याचीच लागते म्हणे. बेशुद्ध झाला की मी करू शकते, पण तोवर उशीर झालेला असेल, असं ती मला जिन्यात आणून सांगून गेली. तेव्हापासून मी इथेच बसले आहे. आत गेले की तो विचारतो, “निघाला का?” मी सांगते, “निघाला.”

तो हात मेलाय, काटक्या. त्याला तुझा गाल कळणार नाही. तरी त्याला तो फिरवायचाय, आणि त्यासाठी तो जीव घालवून बसेल. एकदा धरलं की तुझा बाप सोडत नाही, हे तुला सांगायला नको.

मला माफ करू नकोस. माझ्याशी बोलूही नकोस; तू आलास की मी खाली जाऊन बसेन. टेम्पोवाला सांगतो की मधे कुठे थांबला नाही तर तो अंधार पडायच्या आत तुझ्या दारात असेल, आणि तुम्ही मध्यरात्रीपर्यंत इथे. मी त्याला थांबू नकोस म्हणून बजावलंय. तूही हे वाचून विचार करत थांबू नकोस. चप्पल घाल आणि गाडीत बस.

आत जाते आता. तो पुन्हा विचारेल, आणि मला ‘निघाला’ म्हणायचंय.

वाख बांधणारी,
आत्या