साबण चाखणाऱ्याची बडतर्फी

स्प्रूस लिक, नॉर्थ कॅरोलायना
१६ ऑक्टोबर १९९४

ती. अक्कास,
निळूचे शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझ्या धाकट्या भावावर घोर अन्याय झाला असून दाद मागायला या डोंगरात कोणीही उरलेले नाही. ज्या पदावर मी लग्न झाल्यापासून विनावेतन, निष्ठेने आणि माझ्या मते अलौकिक कौशल्याने काम करत होतो, त्यावरून सासूबाईंनी मला काल दुपारी, मागच्या ओट्यावर, बायकोदेखत बडतर्फ केले. पद कोणते ते तुला ठाऊक आहेच: साबण चाखणारा.

हसू नकोस. (हसलीस, हे मला इथून दिसते.) घरचा साबण झाला की नाही, हे इथे जिभेवर ठरते. कॉस्टिक, म्हणजे साबणातला जहाल क्षार, पुरते मुरले नसेल तर वडीला जीभ लावताच झटका बसतो. अण्णांच्या रेडिओच्या बॅटरीला जीभ लावून मी बोंबललो होतो ना, तस्सा. मुरले असेल तर नुसता बेचव साबण. गावातल्या बाकीच्या जिभा तंबाखूने नाहीतर उकळत्या कॉफीने कामातून गेलेल्या. म्हणून आर्वेलाबाईंनी, म्हणजे ग्लेनाच्या आईने, शाकाहारी जावयाची कोवळी रसना या कामी नेमली. गावाच्या नावातला ‘लिक’ म्हणजे चाटणेच, आपल्या लिह् धातूचा चुलतभाऊ. पूर्वी हरणे इथला खारा खडक चाटायला येत. त्यांच्यानंतर मी.

यंदाची खेप चर्चच्या जत्रेसाठी होती. शेजारच्या शेळ्यांचे दूध, ओट्सचे पीठ, परसातली रोजमेरी, आणि तुला सांगू नये अशी एक चरबी. सासाफ्रास नावाच्या इथल्या झाडाच्या काठीने एकाच दिशेने ढवळायचे, आणि ज्याने सुरू केले त्यानेच संपवायचे; हात बदलला की साबण रुसतो, अशी सासूबाईंची श्रद्धा. मी उजवीकडून ढवळले, प्रदक्षिणा घातल्यासारखे. वर रेघ ओढली तर मोडेना इतके दाट झाले, तेव्हाच थांबलो. वड्या पाडल्या, फळीवर सुकवल्या. काल दोन-चार वड्यांना जीभ लावून मी उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र दिले. त्यातल्याच एका वडीने सासूबाईंनी हात धुतले आणि त्या मनगटापर्यंत लाल झाल्या.

तराजूचा काटा अडकून कॉस्टिक जास्त पडले होते. म्हणजे दोष तराजूचा. पण त्या म्हणाल्या की पोरा, तराजू आंधळा असतो म्हणून तर तुला ठेवलाय, तुझी जीभ काय सुट्टीवर गेली होती? ग्लेना म्हणाली की आई, ह्याने चाटलंच नसणार, पुस्तकात डोकं घालून नुसती मान डोलावली असेल.  खेप जत्रेतून मागे घेतली. आता ती किसून, दूध घालून पुन्हा आटवायची आहे, आणि मी निव्वळ किसणारा.

बाकी क्षेम. हल्ली कॉफी पाण्यासारखी लागते; ग्लेना डबा बदलून पाहते आहे. गालही सारखा दाताखाली येतो, वयोमान. दिवाळीला फोन करतो. लोभ आहेच; या अन्यायानंतर थोडा वाढवून मिळावा.

तुझा,
निळू


वाई
७ नोव्हेंबर १९९४

चि. निळूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं, ते वाचून मी हसत सुटले. ‘सांगू नये अशी चरबी’ वाचल्यावर मात्र हसू आवरलं आणि न्हाणीघरात जाऊन तू पाठवलेल्या वड्या हुंगून पाहिल्या. मेल्या, चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी त्या बायकांना वाटल्यात! समोरच्या दीक्षितकाकूंनी तर एका वडीनं देवाची भांडी घासली. फोनवर माझ्या मोडक्या इंग्रजीत ग्लेनाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की तुमच्या वड्या नुसत्या खोबरेल तेलाच्या, आई तुमच्यासाठी भांडंसुद्धा वेगळं ठेवते. तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. कधी भेटलो नाही, पण बाईला माणसाची कदर आहे.

आता त्या फोनबद्दल. एरवी तू अर्धा तास डोकं खातोस. यंदा एक मिनिट बोललास आणि फोन बायकोच्या हातात. तू म्हणालास, अक्का, दिवाली सुखाची जावो. दिवाली! मी चिडवलं की हिंदी सिनेमे पाहतोस की काय तिकडे. तू हसला नाहीस. मग म्हणालास, फराल केलास का. त्यानंतर मला करंजी गोड लागली नाही.

अरे, तू शाळेत जाईपर्यंत स्वतःचं नाव निलू सांगायचास. आळीतली पोरं पिडायची. मी तुला मागच्या आडाच्या कट्ट्यावर बसवून, जीभ मागे वळव, टाळूला टेकव, आता सोड, असं करून करून तो ळ शिकवला. पहिल्यांदा आला तेव्हा तू ओरडत गल्लीभर फिरलास, निळू, निळू, म्हणत. तो ळ मी शिकवलेला आहे. तो कुठे गेला हे विचारायचा मला हक्क आहे.

अण्णांचं काय झालं ते तू पाहिलं नाहीस, तू तिकडे होतास. आधी चहा गोड नाही म्हणून आईशी भांडायचे. ती बिचारी चमच्यावर चमचा साखर घालायची. मग शब्द जड यायला लागले, आम्ही म्हटलं थकलेत. शेवटी जन्मभर पोरांना संस्कृत शिकवलेला तो माणूस पाणी मागायला अंगठा तोंडाशी न्यायचा. मी भरवायचे त्यांना. म्हणून सांगते. बेचव कॉफी, चावलेला गाल, न झोंबलेला साबण आणि हरवलेला ळ. तू विद्वान ना? लाव अन्वय.

पुन्हा फोन करणार होते. पण ग्लेनानं उचलला तर तिला हे कोणत्या इंग्रजीत सांगू? आणि तू उचललास तर थट्टेवारी नेशील. कागदावर तुला निसटता येणार नाही. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी डॉक्टरकडे जा. आणि आधी बायकोला सांग.

तुझी,
अक्का


स्प्रूस लिक
२२ नोव्हेंबर १९९४

ती. अक्कास,
निळूचे शि. सा. न. वि. वि.

आधी दीक्षितकाकूंच्या देवांविषयी. ते शुद्ध आहेत. तुझ्या वड्यांचे भांडे वेगळे, काठी वेगळी, आणि त्या दिवशी मला ओट्यावर डुकराचे बेकन घेऊन बसलेल्या मेव्हण्यापासूनही लांब ठेवतात. तुझे देव कोणते हे सासूबाईंना सांगता यायचे नाही, पण भांडे कोणाचे आहे हे त्या विसरत नाहीत.

अन्वय तुझे पत्र पोचण्याआधीच लागला. लावला सासूबाईंनी.

ग्लेना चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली होती. त्यांनी मला साबण किसायला म्हणून ओट्यावर बोलावले. फसलेल्या खेपेतली एक वडी माझ्यासमोर मोडली आणि म्हणाल्या की जीभ काढ. मी म्हटले, मी बडतर्फ आहे. म्हणाल्या की गप बस आणि काढ. आतली बाजू त्यांनी आधी जिभेच्या उजव्या कडेला लावली. डोळ्यांत पाणी आले. मग डाव्या कडेला लावली. काही नाही, अक्का. नुसता गार, गुळगुळीत खडा. त्यांनी पुन्हा लावून पाहिली, माझ्या तोंडाकडे न पाहता, डोळ्यांकडे पाहत. मग मला चूळ भरायला पाणी दिले, हात एप्रनला पुसले आणि म्हणाल्या की पोरा, मी तुला उगाच बोलले. मग विचारले की कधीपासून? मी म्हटले, उन्हाळ्यापासून. म्हणाल्या की ग्लेनाला तू सांगतोस की मी सांगू?

मी सांगितले. ती आधी भडकली, कॉफीचे इतके डबे फुकट बदलायला लावले म्हणून. मग माझा हात धरून बसली, आणि स्वयंपाक करायचा राहिला. सासूबाईंनी मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ आणून दिली. इथल्या डॉक्टरांनी तपासले, पुष्कळ प्रश्न विचारले, उत्तरे कमी दिली. एखादी बारीक शीर असेल, म्हणाले; आणखीही काही असू शकेल, ते डोक्याचे फोटो निघाल्यावर कळेल. उद्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचे आहे. मी सासूबाईंना म्हटले की तुम्ही कशाला येता, एवढा लांबचा प्रवास. त्या म्हणाल्या की जीभ तपासायला सुरुवात मी केली ना, मग मधेच काठी दुसऱ्याच्या हातात देणार नाही.

ळ कुठे गेला, असे विचारतेस. मलाच उशिरा कळले. इंग्रजीत ळ नाही, त्यामुळे माझा ळ हरवल्याचे या गावात कोणाच्या कानावर पडायची सोयच नव्हती. ग्लेना मला नील म्हणते, सासूबाई पोरा म्हणतात. इतकी वर्षे तो ळ मी फक्त तुझ्याशी बोलायला राखून ठेवला होता. दिवाळीला फोन लावण्याआधी आरशासमोर म्हणून पाहिले: काळ, वेळ, बाळ, निळू. तू सांगायचीस तशी जीभ मागे वळवली, पण ती टाळूपर्यंत जाईना. तुला ऐकू येऊ नये म्हणून फोन ग्लेनाच्या हातात दिला. तुला एका मिनिटात ऐकू आले.

तुला थट्टा आवडते म्हणून आणखी काही रचणार होतो. सुचत नाही.

मरणाची भीती मला फारशी वाटत नाही. अण्णांसारखी अंगठ्याने पाणी मागायची वाटते. ग्लेना माझ्या खुणा समजून घेईल, ती तशी हुशार आहे. पण तू इतक्या लांब आहेस. फोनवर खूण कशी करू? मला भीती वाटते, अक्का.

लोभ असावा, असे आजवर सवयीने लिहीत आलो. आज खरोखर मागणे म्हणून लिहितो आहे.

तुझा,
निळू
(हा ळ अजून लिहिता येतो.)