भिंगरीचे हात

४ जुलै

ती. ताईस,
धाकटीचा सादर नमस्कार, वि. वि.

फोनवर आपलं दोन वाक्यांत भांडण होतं, म्हणून पत्र. इथं तुला मध्येच फोन आपटता येणार नाही.

सोबत टॅब पाठवलाय. आमच्या वाचनालयात मुलं इंटरनेटवर अभ्यास करायला येतात. तिथंच शोधता शोधता तुझ्या भिंगरीसाठी एक वर्ग सापडला, ऐकू न येणाऱ्या मुलांचा, टॅबवरच भरणारा. शिकवणाऱ्या बाईंनाही ऐकू येत नाही. गणित, गोष्टी, सगळं त्या हातांच्या खुणांनी शिकवतात. पोरगी आठ वर्षांची झाली, पण उद्या म्हणजे काय, हे आपण तिला अजून सांगू शकलेलो नाही.

मात्र तू आणि भावजी तिच्याशेजारी बसा. ती एकटीच शिकली तर बोलणार कुणाशी? भावजींना म्हणावं, घोरण्यातून सवड काढा.

लोभ आहेच, भांडलीस तरी कमी व्हायचा नाही.
तुझी धाकटी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी भाची हातांनी नुसता कलकलाट करते. पडद्यावरच्या पोरांशी हसते, भांडते. तुझे भावजी दोन दिवस बसले आणि मांजराची खूण शिकले. आता जेवायला बोलवायचं तरी मांजर, झोपवायचं तरी मांजर. ती हसून लोळते. मी दिवसभर काज-बटणाच्या मशीनवर असते, घरी येईतो माझ्या हातांत जीव नसतो. मी काय शिकणार?

पण खरं सांगू? परवापासून टॅब मी कपाटात ठेवलाय. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हातांची सवय लागली की तोंड आळशी होतं. मागच्या महिन्यात तिच्या तोंडून आ निघाला होता गं. मला वाटलं, आईच म्हणतेय. एकदा तिच्या तोंडून आई ऐकायचंय मला. एवढी हाव तर करू दे.

तुझा लोभ असू दे, राग पुरे.
ताई

२७ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

आई ऐकायची तुझी आस मला कळते. पण ताई, तिला आत्ता काय म्हणायचंय, ते कोण ऐकणार? वर्गातल्या बाई रोज तिची चौकशी करतात. टॅब बाहेर काढ. आणि निदान चार खुणा तू शीक: पाणी, भीती, दुखतंय, ये. भावजींच्या मांजरावर संसार चालायचा नाही.

माया पातळ करू नकोस.
धाकटी

१९ सप्टेंबर

चि. धाकटीस, आशीर्वाद.

भिंगरीचं ऑपरेशन झालं, ताप उतरलाय, हे तुला फोनवर कळलंच. जे तोंडाने सांगवलं नाही, ते लिहिते.

आतडं आत फुटलं होतं. डॉक्टर विचारत होते, दुखायला कधी लागलं, आधी कुठे दुखलं. मला एकाचंही उत्तर येईना. आई असून. तू वर्गातल्या बाईंना माझ्या फोनच्या पडद्यावर जोडून दिलंस आणि बाजूला झालीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. बाईंनी हातांनी विचारलं. भिंगरीने पडल्या पडल्या उत्तर दिलं. बाईंनी ते खाली टाइप केलं, ते मी डॉक्टरांना वाचून दाखवायला लागले. रविवारपासून दुखतंय. आईला सांगितलं. रोज सांगितलं. आईने हात धरून ठेवले.

खरं आहे ते. दोन बोटांची टोकं समोरासमोर आणून फिरवत ती माझ्या मागे मागे यायची. मला वाटलं, टॅब मागतेय. जेवेना, तेव्हा वाटलं, रुसलीय. मी तिचे हात घट्ट धरून खाली दाबले आणि तोंडाने बोल म्हणून ओरडले. तिला ऐकू येत नाही, हे माहीत असून.

पुढे वाचून दाखवायला मला जमेना. नर्सने फोन घेतला.

जमलं तर लोभ ठेव.
ताई

२५ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न.

उगाच समजूत घालत नाही. चूक झाली. पण पोरगी जिवंत आहे. बाई म्हणाल्या, वर्गात आता आईने बसावं. तू बस.

तुझीच,
धाकटी

३० ऑक्टोबर

चि. धाकटीस, आशीर्वाद.

रोज कामावरून आले की वर्गात बसते. बाई कडक आहेत. माझी बोटं जाड झालीत, वळत नाहीत, तर पडद्यावरची सहा-सात वर्षांची पोरं मला हसतात. हसू देत. पाणी, भीती, भूक, उद्या, सगळं येतं आता. दुखतंय का, हेही विचारता येतं. चुकले, हे तर मी सगळ्यांत आधी शिकले.

भिंगरी हिंडते-फिरते. वडिलांशी मांजर-मांजर करते, बाईंशी तासन्‌तास बोलते. मी दारात उभी राहिले की तिचे हात थांबतात.

काल मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. चुकले म्हणायला नीट, बाईंनी शिकवलं तसे हात उचलले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी हात खाली ठेवले, तेव्हा उघडले. पुन्हा उचलले, पुन्हा मिटले.

आज परत बसणार आहे.

तुझी,
ताई